‘फोकस ग्रुप’चें मूळ व मर्यादा

लोकमत अजमावण्यासाठीं दहाबारा माणसें एकत्र बसवून त्यांस एका विषयावर बोलतें करावयाचें, ही ‘फोकस ग्रुप’ची पद्धति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. तिचें जनकत्व अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांजकडे देण्याचा प्रघात आहे. तो कितपत साधार आहे, हें पाहणें अवश्य आहे.

इ. स. १९४१ च्या नोव्हेंबरांत पॉल लाझार्सफेल्ड यांनीं मर्टन यांस न्यूयॉर्क येथील एका रेडिओ-स्टुडिओंत नेलें. जनतेचें मनोधैर्य वाढविण्यासाठीं केलेला कार्यक्रम तेथें निवडक श्रोत्यांस ऐकवीत होते. पसंत पडल्यास हिरवी, नापसंत असल्यास तांबडी कळ श्रोत्यानें दाबावयाची. तिची नोंद यंत्र कागदावर करी. मागाहून कारणें विचारीत. प्रश्नकर्ता उत्तर सुचवूनच प्रश्न करतो, हें मर्टन यांच्या ध्यानीं आलें. तेव्हां पुढील गटास प्रश्न करण्याचें काम त्यांजकडेच आलें. हा वृत्तांत मर्टन यांनीं १९८७ सालीं लिहिला. घटनेनंतर ४६ वर्षांनीं लिहिलेली आठवण आम्ही समकालीन कागदाच्या तोलाची मानीत नाहीं. तथापि मर्टन व पॅट्रिशिया केंडल यांचा १९४६ चा निबंध पद्धतीपुरता तिला दुजोरा देतो.

परंतु त्या निबंधाचें शीर्षक ‘केंद्रित मुलाखत’ असें आहे. त्यांत ‘ग्रुप’ नाहीं. शिवाय गटमुलाखतीवर एमरी बोगार्डस यांनीं १९२६ सालींच लिहिलें होतें. तेव्हां गट ही मर्टन यांची कल्पना नव्हे; श्रोत्यानें प्रत्यक्ष ऐकलेल्या मजकुराशीं प्रश्न बांधून घेणें व उत्तर न सुचविणें, हें त्यांचें खरें श्रेय होय.

या पद्धतीची मर्यादाहि त्यांस ठाऊक होती. ता. २१ सप्टेंबर १९४३ रोजीं गायिका केट स्मिथ हिनें रेडिओवरून युद्धरोखे खपविले. त्या प्रभावाचा शोध घेतांना मर्टन यांनीं १०० जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. पण तेवढ्यावर न थांबतां सुमारें १००० लोकांची निराळी पाहणीहि केली. मुलाखतींतून कारणें उमगतात. तीं कितीजणांस लागू, हें पाहणीनेंच ठरतें. आज बारा जणांचें बोलणें जनतेचा कौल म्हणून पुढें येतें, तें मूळ पद्धतीस सोडून आहे.

संग्राहकांस आमची एकच सूचना आहे. अशा बैठकींचीं टिपणें हातीं आल्यास उत्तरांबरोबर प्रश्न व माणसें कशीं निवडलीं तेंहि जतन करावें. प्रश्नावांचून उत्तर म्हणजे आरंभींचे बंद गळालेली पोथी. तिजवरून निर्णय करूं नये.