मंगळयान आणि जहाजाची वाट

ऑक्टोबर 2013. श्रीहरिकोट्यात पीएसएलव्ही-सी25 प्रक्षेपकाची सज्जता ठरल्या क्रमाने चालली होती आणि मंगळयानही तेथे पोहोचले होते. तरीही 28 ऑक्टोबरचे उड्डाण इस्रोने पुढे ढकलले. ‘नालंदा’ हे जहाज दक्षिण प्रशांत महासागरातील खराब हवामानामुळे फिजीला वेळेत पोहोचणार नव्हते.

एका जहाजासाठी प्रक्षेपक का थांबतो, याचे उत्तर 1957 च्या सुमारास अमेरिकेत सापडले. ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली हे रासायनिक कारखान्यांची उभारणी व दुरुस्ती लवकर कशी संपवावी, या प्रश्नामागे लागले होते. उशीर झाला की सगळ्याच कामांवर माणसे वाढवायची, हा तोवरचा सोपा आणि खर्चिक उपाय. या दोघांनी कामांचे जाळे मांडले: कोणते काम कशावाचून सुरू होत नाही आणि त्याला किती वेळ लागतो. गणित युनिव्हॅक संगणकाने केले. जाळ्यातील सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रांतिक मार्ग. प्रकल्पाचा कालावधी तिच्याइतकाच. इतर कामांना सवड असते, तेथे ओतलेला पैसा एक तासही वाचवत नाही. लुईव्हिल येथील कारखान्याचा देखभालीसाठीचा बंद काळ या पद्धतीने 125 तासांवरून शंभराच्या आत आला.

मात्र एक साखळी आखूड केली की दुसरी सर्वांत लांब ठरते. पाठ्यपुस्तके हे एका ओळीत उरकतात. खरी कसोटी तेथेच असते.

मंगळयानाला मंजुरी मिळाली ऑगस्ट 2012 मध्ये. प्रक्षेपणाची संधी 19 नोव्हेंबर 2013 ला संपणार होती आणि पुढची सुमारे 26 महिन्यांनी येणार होती. चांद्रयान-1 वर बेतलेला सांगाडा आणि अनुभवी पीएसएलव्ही यांमुळे नव्या रचनेचा लांबलचक टप्पा टळला. त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागली: पीएसएलव्हीची ताकद बेताची, म्हणून यानाला जवळपास महिनाभर पृथ्वीभोवतीच फिरत कक्षा वाढवावी लागली.

प्रक्षेपकाचा चौथा टप्पा सुमारे 25 मिनिटांच्या इंधनविरहित प्रवासानंतर दक्षिण प्रशांतावर पेटणार होता. तेथे जमिनीवरचे केंद्र नाही. म्हणून ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या जहाजांवर अँटेना बसवल्या होत्या. आता क्रांतिक मार्ग समुद्रातून जात होता. श्रीहरिकोट्यात दुप्पट अभियंते राबले असते, तरी एक दिवसही वाचला नसता.

राखीव दिवसांतले आठ दिवस खर्ची पडले. 5 नोव्हेंबरला दुपारी 2.38 वाजता प्रक्षेपक झेपावला, तेव्हा दोन्ही जहाजे आपापल्या जागी होती.