कुर्स्कच्या दोन विसंगती

मॉस्कोच्या दक्षिणेस कुर्स्कच्या परिसरात होकायंत्र उत्तर दाखवीत नाही, ही गोष्ट 1773 मध्ये खगोलज्ञ प्योत्र इनोखोद्त्सेव याच्या ध्यानात आली. पुढची शंभर वर्षे तिच्याकडे जवळजवळ कोणी पाहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को विद्यापीठातील प्राध्यापक अर्न्स्ट लाइस्ट यांनी तिचा ध्यास घेतला. खाली लोहखनिज आहे असे त्यांचे भाकीत होते. झेम्स्त्वो, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्था, हिने पैसा पुरवला, जमीनदारांनी जमिनींचे सौदे सुरू केले आणि वेधन झाले; पण लोखंड लागले नाही. चुंबकसुईला खालच्या खडकाची चाहूल दूरवरून लागते. गिरमिटाला मात्र एकाच रेषेत उतरावे लागते, आणि इथले लोहखडकाचे थर तर जवळजवळ उभे आहेत. पैसा आटला. लाइस्ट सुट्ट्यांमध्ये स्वखर्चाने मोजणी करीत राहिले आणि 1918 मध्ये जर्मनीत वारले. त्यांच्या नोंदी सोन्याच्या मोबदल्यात विकण्याचा प्रस्ताव सोव्हिएत सरकारपुढे आला, तेव्हा सरकारने नव्याने मोजणी करणे पसंत केले. लेनिनने या कामाचा पिच्छा पुरवला. 7 एप्रिल 1923 रोजी श्चिग्री गावाजवळ 167 मीटर खोलीवरून मॅग्नेटाइटयुक्त क्वार्टझाइटचा नमुना वर आला.

ही कथा रशियन शालेय पुस्तकांत वीरकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण त्याच भूमीला दुसरीही एक कथा आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वसीली अलेखिन यांना 1907 मध्ये कुर्स्कजवळ न नांगरलेल्या स्तेपाचा एक तुकडा सापडला. त्यातल्या एका चौरस मीटरात वनस्पतींच्या 80 च्या आसपास जाती आढळतात. अभ्यासक याला 'कुर्स्कची वनस्पती-विसंगती' म्हणतात. शब्द उघडच चुंबकीय विसंगतीवरून उसना घेतलेला आहे. हे तुकडे वाचले ते कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. कुर्स्कजवळचा स्ट्रेलेत्स्क स्तेप शिपायांच्या वसाहतीचे, तर स्तारी ओस्कोलजवळचा याम्स्की स्तेप डाकेचे घोडे चालवणाऱ्या यामश्चिकांचे सामाईक गवताचे कुरण होता. सामाईक म्हणूनच तो कोणी नांगरला नाही. (जाता जाता, इथली काळी माती आपल्या कापसाच्या जमिनीसारखी ज्वालामुखीच्या खडकातून आलेली नाही, ती शतकानुशतके कुजलेल्या गवताची आहे.) 1935 मध्ये मध्य काळी-मृदा राखीव क्षेत्र स्थापन झाले आणि 566 हेक्टरांचा याम्स्की त्यात आला.

नेमक्या त्याच परिसरात 1931 मध्ये संपन्न लोहखनिज सापडले होते. 1950 च्या दशकात लेबेदिन्स्कीची उघडी खाण खोदायला सुरुवात झाली, पुढे स्तोइलेन्स्कीची. आज लेबेदिन्स्कीचा तळ 400 मीटरांहून खोल आहे. उघड्या खाणीत प्रथम वरची काळी माती खरवडावी लागते, म्हणजे एका विसंगतीसाठी दुसरीचे अंथरूणच काढून टाकावे लागते. राखीव हद्दीत गिरमिट शिरलेले नाही, हे खरे. पण याम्स्कीपासून थोड्याच अंतरावर खाणी आहेत. त्यांची धूळ गवतावर बसते, आणि खाणीतले पाणी उपसल्यामुळे भोवतालची भूजल-पातळी उतरते. हद्दीची रेषा नकाशावर राहते, वारा आणि पाणी तिला ओळखत नाहीत.

1999 मध्ये याम्स्की स्तेप बेल्गोरोद प्रांतातील 'बेलोगोर्ये' राखीव क्षेत्रात सामील झाला. स्ट्रेलेत्स्कच्या स्तेपात मात्र गवत कापण्याची जुनी रीत अजून पाळली जाते, कारण न कापलेल्या भागात गवताचा जुना थर साचून जातींची संख्या घटते, असे तेथील निरीक्षणांतून दिसले आहे.