तिसरा सांचा

नवी पद्धति आली कीं जुना माणूस अडून बसतो, असें आपण सहज बोलून जातों. कारखान्यांत तर हें बोलणें व्यवहारज्ञानाचें समजलें जातें. कामगार सवयीचा गुलाम; त्याला समजवावें, न समजला तर दटावावें. या समजुतीची परीक्षा जुन्या मुंबई प्रांतांत दोनदां झाली, आणि दोन्ही वेळां वाद एकाच गोष्टीभोंवतीं फिरला: सांचे किती आणि त्यांवर माणसें किती?

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकराकडे सामान्यतः दोन सांचे असत. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी मालाची चढाओढ वाढली. तेव्हां १९२७-२८ च्या सुमारास ससून गटाच्या गिरण्यांनीं कार्यक्षमतेची योजना पुढें आणली. विणकरानें दोनांऐवजीं तीन सांचे चालवावे, सूतखात्यांतील कामगारानें एका बाजूऐवजीं दोन बाजू पाहाव्या, असें ठरलें. मजुरी कांहीं वाढणार होती. पण सहा सांच्यांवर आजवर तिघे लागत, ते उद्यां दोघे पुरतील, हा हिशेब करावयास शाळेंत जावें लागत नव्हतें. तो तिसरा माणूस म्हणजे बहुधा कोंकणांतला नाहींतर घाटावरचा गांवबंधु. त्याची भाकर गेली म्हणजे ती शेजारच्याच चुलीवरून द्यावी लागणार. शिवाय कापूस हलका असला कीं धागा वारंवार तुटतो, आणि तुटक्या धाग्यांमागें तीन सांच्यांवर धांवणें काय असतें, तें विणकरासच ठाऊक.

२६ एप्रिल १९२८ पासून ६ ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सुमारें दीड लाख कामगार संपांत होते. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे भिन्न मतांचे पुढारी एका संपसमितींत बसले. पुढें सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीनें चौकशी करून १९२९ च्या मार्चांत अहवाल दिला. तिला योजनेचें तत्त्व गैर वाटलें नाहीं. परंतु तत्त्व बरोबर ठरल्यानें तंटा मिटला नाहीं. त्याच वर्षीं पुन्हां संप झाला.

दुसरी परीक्षा अहमदाबादेस, कॅलिको मिल्सच्या एका शेडमध्यें झाली. तेथें २२४ स्वयंचलित सांचे बसविले गेले. शास्त्रीय मोजमाप करून काम बारा प्रकारांत वांटलें आणि एकोणतीस माणसांकडे सोंपविलें. प्रत्येकाचें काम कागदावर चोख. पण कोणीच कोणाचा नव्हता. एकाच सांच्याशीं अनेकांचा संबंध येई आणि त्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसे. अपेक्षित उत्पादन निघेना. १९५३ सालीं लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनीं एवढेंच सुचविलें कीं, कांहीं ठराविक सांचे एका लहान गटाकडे द्यावे आणि कामाची वांटणी त्या गटानें करावी. कामगारांनीं ही कल्पना तत्काळ उचलली. गट त्यांनीं स्वतःच बांधले. आरंभींची चढउतार सरल्यावर उत्पादन वाढलें आणि कापडांतील दोष घटले.

सांचे तेच, माणसें तींच. मग अडून बसणारा स्वभाव कोठें गेला? आमच्या मतें तो कधींच नव्हता. विणकर नव्या यंत्रास भीत नाहीं. आपलें स्थान, आपला सोबती आणि आपली भाकर यांचा निर्णय आपणांस न विचारतां होतो, याला तो हरकत घेतो. तिला हट्ट म्हणणें सोपें आहे. तिच्यांतला प्रश्न ऐकणें कठीण.

अहमदाबादेचा उपाय बेकारीवरचें औषध नव्हे, हेंहि मान्य केलें पाहिजे. तिसऱ्या माणसाचें काय, या मुंबईच्या प्रश्नाला गटपद्धतींत उत्तर नाहीं. आणि १९७० पर्यंतचा आढावा घेतला गेला, तेव्हां एका ठिकाणीं ती पद्धति टिकून होती, इतरत्र जुनी वहिवाट परत आली होती. म्हणजे विश्वास हा एकदां बसवून विसरण्याचा सांचा नाहीं. त्यालाहि रोज तेल लागतें. मालकांस वेळ नाहीं, ही सबब ऐकूं येते. १९२८ सालीं त्याच वेळेची किंमत पांच महिन्यांहून अधिक काळ बंद राहिलेल्या गिरण्यांनीं मोजली होती.