अपुऱ्या दिवसांची बाळे : आईचे दूध व आईची औषधे

गर्भारपणाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) आईने पिळून काढलेले दूध नळीवाटे व पुढे वाटी-चमच्याने देतात. पहिला घट्ट, पिवळसर चीक थेंबाथेंबाने सिरिंजमध्ये गोळा करतात. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा आतडे सडवणारा जीवघेणा विकार पावडरच्या दुधावरील बाळांपेक्षा आईच्या दुधावरील बाळांत बराच कमी आढळतो.

अशा बाळांच्या आया पुष्कळदा स्वतःच आजारी असतात : वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, सिझेरियनची जखम. बहुतेक औषधे दुधात उतरतात, पण अल्प प्रमाणात. वजनाच्या हिशेबाने आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी औषध बाळाला मिळत असेल, तर ते सहसा चालते. मात्र हा ठोकताळा पूर्ण दिवसांच्या बाळांचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत व मूत्रपिंडे कच्ची असतात, त्यामुळे औषध शरीरात जास्त काळ राहते. उदाहरणार्थ, प्रौढाच्या रक्तातले कॅफीन सुमारे ५ तासांत निम्मे होते. अशा बाळात त्याला तीन-चार दिवस लागतात. (हेच कॅफीन, श्वास थांबू नये म्हणून, या बाळांना औषध म्हणूनही देतात.) उलट, १ किलोचे बाळ सुरुवातीला दिवसाला १०-२० मिलिलिटरच दूध घेते, त्यामुळे त्यातून येणारे औषधही नगण्य असते.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, पेनिसिलिन, हेपारिन सहसा चालतात. रक्तदाबासाठी लॅबेटालॉल चालू असल्यास बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. बाळाला कावीळ असताना आईला सल्फा औषधे टाळतात. काही स्त्रियांचे शरीर कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फीन फार वेगाने बनवते व ते दुधातून बाळापर्यंत पोहोचते. स्तनदा मातांनी कोडीन व ट्रॅमाडॉल घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. कर्करोगावरील बहुतेक औषधे व किरणोत्सारी आयोडीन चालू असताना दूध देत नाहीत. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनने दूधच कमी होते.

तरीही औषधापेक्षा धास्तीने बंद केलेले दूधच बाळाला अधिक महागात पडते. आईचे दूध नसेल तेव्हा दुग्धपेढीचे, म्हणजे इतर मातांनी दान केलेले व ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले दूध देतात. भारतातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. औषधामुळे काही दिवस दूध देता येत नसले, तरी आईने ते दर दोन-तीन तासांनी पिळून काढत राहावे. नाहीतर ते आटते.