देवाच्या चित्राखालचं दुकानाचं नाव

डिसेंबर लागला की घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात किराणावाले, सराफ, सहकारी बँका गिऱ्हाइकाच्या हातात कॅलेंडरची सुरळी ठेवतात. आपण ती ‘फुकटची’ म्हणून घेतो. पण कुणाला काय द्यावं, याचा विचार त्या सुरळीमागे शंभराहून अधिक वर्षं चालला आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या घाटकोपरातून जातो.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापडवाले हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर रंगीत चित्रांच्या चिठ्ठ्या चिकटवत. गिऱ्हाइकाला इंग्रजी नाव वाचता येत नसे. कृष्ण किंवा लक्ष्मी मात्र तो लगेच ओळखी. कापड संपलं तरी चिठ्ठी घरात जपली जाई.

1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. त्याचा मुक्काम घाटकोपरलाही होता. शहरात प्लेग पसरल्यावर, 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. इथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या; ज्यांना देवळाची पायरी चढायची बंदी होती, त्यांच्याही भिंतीवर गेल्या.

व्यापाऱ्यांनी हे अचूक हेरलं. विनोलिया साबणाच्या कॅलेंडरवर रविवर्म्यांचं चित्र आलं. ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण आला, कारण ती बाटली घेणार होती आई. वर्ष सरलं की तारखा कापायच्या आणि चित्राला चौकट करायची. तळाशी कंपनीचं नाव तसंच राही आणि रोजच्या उदबत्तीत त्यालाही वाटा मिळे!

ही हुशारी खरी, पण मला ती खटकतेही. देवाचं चित्र टाकवत नाही, याच भरवशावर ती उभी आहे. गिऱ्हाइकाची गरज ओळखणं वेगळं आणि त्याच्या श्रद्धेला आपली पाटी अडकवणं वेगळं. जुनी चित्रं शेवटी पिंपळाच्या पारावर ऊन-पाऊस खात पडतात, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत जळाला. त्यानंतर 1973 साली जयंत साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं. त्यात देखण्या चित्राचा आधार नव्हता. तिथी, वार, सगळ्या धर्मांचे सण आणि पानामागे पाककृती, आरोग्य, साहित्य. लोकांनी ते चक्क पैसे देऊन घेतलं. घराला नेमकं काय हवं आहे, याचा याहून स्पष्ट कौल कोणता? दुकानदारही मग तिथीवाली कॅलेंडरं आपलं नाव छापून वाटू लागले.

आज तारीख मोबाइलवर दिसते. तरीही स्वयंपाकघरात कॅलेंडर टिकून आहे, ते त्या चौकोनांसाठी. दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, बाईंचे खाडे किती, हे तिथेच लिहिलं जातं. म्हणून भेटवस्तू निवडायला बसलेल्या दुकानदारांना माझं एवढंच सांगणं : वस्तूची यादी मागाहून करा. आपल्या गिऱ्हाइकाच्या घरात ती कोणाच्या हाती जाणार आणि त्या हातांना रोज काय लागतं, ते आधी विचारा. चौकोन जरा मोठे छापलेत, तरी त्या घरातली बाई तुमचं नाव वर्षभर भिंतीवर ठेवील.