पेटी, पास आणि विठ्ठलवाडी

उल्हासनगरच्या पाळण्यातल्या नावातच प्रवास आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणच्या पलीकडे माळावर लष्करी छावणी बांधली आणि तिला 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प' असे नाव दिले. ट्रान्झिट म्हणजे पुढे जाणाऱ्याने थोडा वेळ टेकायची जागा. युद्ध संपले, सैनिक गेले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचे 'उल्हासनगर' झाले, पण लोकांच्या तोंडी छावण्यांचे आकडेच राहिले. आजही पत्ता सांगताना आधी कॅम्प येतो, मग गल्ली. त्यातल्या कॅम्प ४ चे स्टेशन म्हणजे विठ्ठलवाडी. मुंबईच्या सीएसएमटीपासून ते ५६ किलोमीटरवर आहे, कल्याणच्या लगेच पुढे. इथून पेटी किंवा ढोलकी घेऊन निघणाऱ्या गायक-वादकाचा इतिहास सहसा शाहिरी, भक्तिगीत, कव्वाली, ऑर्केस्ट्रा अशा प्रकारांत वाटून सांगितला जातो. तो तिकीटखिडकीपासून सांगायला हवा असे माझे म्हणणे आहे. या पट्ट्यात कलावंताला दरबारापासून, वतनापासून आणि कंपनीच्या मालकापासून जी काही मोकळीक मिळाली, ती आधी स्वस्त गाडीने दिली. रंगमंच, रेकॉर्ड आणि कॅसेट नंतर आल्या.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. फिरता कलावंत आगगाडीहून कितीतरी जुना आहे. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, नंदीबैलवाले हे सगळे रूळ पडण्याआधीपासून पायी फिरत होते. खरे आहे, पण ते कुठे फिरत हेही पाहावे लागते. त्यांची गावे ठरलेली, घरे ठरलेली, सुगीला खळ्यावर मिळणारा वाटाही ठरलेला. कोणी कोणत्या गावात मागायचे हा वंशाचा हक्क होता आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरले तर जातपंचायत बसे. पाय मोकळे असले तरी वाट बांधलेली होती. दरबारी गवयाचे उलटे. त्याला मान होता, पण वाटच नव्हती. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख पाहा. त्यात शिलाहार राजाचे नाव आहे, त्याच्या अमात्यांची नावे आहेत. त्या देवळापुढे गायले-वाजवले कोणी, हे दगडाने सांगितलेले नाही. आश्रय म्हटला की नाव आश्रयदात्याचेच उरते.

हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटले. ठाण्यापर्यंतची गाडी १८५३ ची, कल्याण १८५४ चे, आणि १८५६ मध्ये लाइन अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीला पोचली. (घाटाकडे निघालेले वाटसरू घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो-नसो, घोडे बदलायची गरज त्या साली संपली.) १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. यानंतरच्या दोन पिढ्यांत मोठे गवई काय करू लागले ते पाहण्यासारखे आहे. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १८९६ मध्ये मिरजेचा राजाश्रय सोडला, उत्तरेकडे निघाले, तिकीट लावून जाहीर गाणे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारातून बाहेर पडले ते पुन्हा कोणत्याही एका दरबाराचे झाले नाहीत. पुण्यात शाळा, मिरजेत घर आणि दक्षिणेत दौरे असा त्यांचा संसार गाडीवर चालला. भातखंडे तर वकील. त्यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा आणि पुढे १९०७-०८ मध्ये पूर्व व उत्तर हिंदुस्थानचा दौरा केला तो ऐकण्यासाठी, विचारण्यासाठी, चिजा उतरवून घेण्यासाठी. एकाच माणसाने इतक्या घराण्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसणे बैलगाडीच्या काळात एका जन्मात झाले नसते. आणि १९३३ मध्ये गदगच्या घरातून पळालेला अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गुरूच्या शोधात निघाला तो बिनतिकीट. डब्यात गाऊन, सहप्रवाशांच्या दयेवर, तो ग्वाल्हेरपर्यंत गेला. अब्दुल करीम खाँचा शेवटही याच वाटेवर झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत कळ आली म्हणून ते सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी आणखी एक गायक गाडीतच गेला. त्याचा धागा थेट उल्हासनगरला येऊन मिळतो. 'भगत' हा सिंधचा फिरता कलाप्रकार. पायात घुंगरू, अंगात घोळदार जामा, गाणे, नाच आणि मधूनमधून कथा, असा तो रात्रभर रंगे. आपल्या कीर्तनात नाच जास्त असता तर ते जसे झाले असते, तसे काहीसे. या परंपरेतले सर्वांत लाडके नाव भगत कंवरराम यांचे, जन्म १८८५ चा. झोळीत जमलेले पैसे ते गरजूंना वाटून टाकत अशी त्यांची ख्याती होती. १ नोव्हेंबर १९३९ रोजी, मंझिलगाह मशिदीच्या वादाने सक्खर तापलेले असताना, कार्यक्रम आटोपून परतणाऱ्या कंवररामांवर रुक स्टेशनात गाडीच्या डब्यात गोळ्या झाडण्यात आल्या. सिंधी घरांत ही कथा हौतात्म्याची म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण तीत आणखी एक साक्ष दडली आहे. १९३९ पर्यंत वरच्या सिंधमधला संतगायकसुद्धा गावोगाव जायला आगगाडीच वापरत होता.

फाळणीने भगताचा मुलूख गेला. त्याच्याइतकाच हादरा त्याच्या श्रोत्यांच्या पांगापांगीने दिला. ज्या गावांचा फेरा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, त्या गावांतली माणसे उल्हासनगर, पिंपरी, जळगाव, अमरावती, नागपूरचा जरीपटका, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, अहमदाबाद, इंदूर अशी विखुरली. नकाशावर ही ठिकाणे जोडून पाहा, एखादा अपवाद सोडता रेघ रुळांवरूनच जाते. निर्वासितांना गाड्यांनी आणले आणि जिथे गाडी थांबत होती तिथल्या रिकाम्या जागांत ठेवले, त्यामुळे हे होणारच होते. भगत गाणाऱ्याला नवा फेरा आखावा लागला आणि तो वेळापत्रकानेच आखून दिला. उल्हासनगरला स्वतःचे स्टेशन १९५५ मध्ये मिळाले, पालिका १९६० मध्ये. या गावात नगराध्यक्षाच्या आधी स्टेशनमास्तर आला.

कॅम्प ४ मात्र एकट्या सिंधी माणसांचा कधीच नव्हता. बराकींच्या कडेने, टेकड्यांवर मराठी वस्त्या वाढल्या. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, विमकोत, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये काम शोधत सोलापूर, नगर, जळगाव, मराठवाड्यातून आलेली माणसे इथे राहिली. सुभाष टेकडीसारख्या वस्तीत आंबेडकरी चळवळ रुजली आणि तिच्याबरोबर तिचे गाणे आले. त्या गाण्याचे मोठे वाटसरू म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेला हा कवी आयुष्यभर गावोगाव गात फिरला. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, स्थिरावले कल्याणात आणि २००४ मध्ये गेले तेही तिथेच. त्यांची पुढची पिढीही इथूनच गाजली. कल्याणच का, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही रोकडी आहेत. मुंबईपेक्षा खोली स्वस्त, आणि जंक्शन. एक फाटा कसाऱ्याकडून नाशिक-भुसावळला, दुसरा कर्जतवरून पुणे-सोलापूरला. नाशिकची सुपारी असो की लोणावळ्याची, रात्री निघून सकाळी परत येता येते. चेटीचंड, एप्रिल-मे भरून चालणारी भीमजयंती, मग गणपती, नवरात्र, मधे जागरण-गोंधळ आणि लग्नाच्या वराती. विठ्ठलवाडीवरून गाडी पकडणाऱ्या वादकाचे वर्ष हे असे चालते. ढोलकी हातात चालते, पण पेटी, ढोलक आणि स्पीकर असले की लगेजचा डबा गाठावा लागतो. तिथे मासळीच्या पाट्या आणि भाजीच्या गोण्यांशेजारी वाद्यांना जागा होते.

आता पैशाचे गणित. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. रोज ये-जा करणाऱ्याच्या महिन्यात पन्नासएक फेऱ्या होतात, म्हणजे तीनांतल्या दोन फुकट. जून २०१४ मध्ये रेल्वेने हा हिशेब तीस फेऱ्यांवर न्यायचे ठरवले, मुंबईत ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. ती ओरड नोकरदारांची होती, वर्तमानपत्रांनीही ती नोकरदारांचीच म्हणून छापली. पण ज्याची बिदागी कार्यक्रमाला काही शे रुपये आणि तीही इसारा वजा जाऊन मिळते, त्याच्यासाठी जाण्यायेण्याचा खर्च दुप्पट होणे म्हणजे लांबची सुपारी सोडणे. मग तो जवळच्या एकाच मंडळाच्या, एकाच नगरसेवकाच्या, एकाच बँजो पार्टीच्या मालकाच्या हाताखाली जातो. तिकीटखिडकी आणि दरबार यांतला फरक इथे कळतो. राजा गाणे ऐकतो, म्हणून काय गायचे ते सांगतोही. तिकीटखिडकी काही ऐकत नाही. तिला भीमगीत आणि झुलेलालचे भजन सारखेच. या बहिरेपणाइतकी उदार गोष्ट कलावंताला कोणत्याही आश्रयदात्याने दिलेली नाही.

तरी ही मोकळीक सगळ्यांना सारखी मिळाली नाही, हे मान्य केले पाहिजे. कार्यक्रम संपून शेवटची लोकल गाठणे पुरुषाला जमले, एकट्या गायिकेला ते कधी सोपे नव्हते. ती बहुधा पार्टीबरोबर, भावाबरोबर, नवऱ्याबरोबरच फिरली. रेल्वेने वतन मोडले, घराचा उंबरा मोडला नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त कॅसेटने आणि आता मोबाइलने गायकाला घरबसल्या श्रोते दिले, मग गाडीचे कौतुक कशाला? कॅसेटने नाव दिले यात शंका नाही. पण गल्लीतल्या गायकाची चूल कॅसेटच्या मानधनावर पेटत नसे, कॅसेटमुळे आलेल्या सुपारीवर पेटत असे, आणि सुपारी म्हणजे पुन्हा प्रवास. मोबाइलची परीक्षा तर काळानेच घेतली. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. सामान्य प्रवाशाला त्या १ फेब्रुवारी २०२१ ला मिळाल्या, त्याही ठरावीक वेळांत, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि लसीचे दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवेश मिळाला. त्या काळात कार्यक्रमांवरही बंदी होती, तेव्हा सगळा दोष गाडीच्या माथी मारता येत नाही. म्हणूनच बदलापूरच्या पुढचे वांगणी पाहावे. तिथे अंध माणसांची मोठी वस्ती आहे, स्वस्त घर आणि हाताशी स्टेशन यांमुळे वसलेली. त्यांतले बरेच जण डब्यात वस्तू विकतात, काही गातात. त्यांना मंडप लागत नव्हता, परवानगीचा कार्यक्रम लागत नव्हता, चालती गाडी तेवढी लागत होती. ती थांबली तसे घरांत धान्य पोचवायची वेळ आली. मोबाइल त्या काळातही सगळ्यांच्या खिशात होता.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना, आणि त्यामागे कायदा उभा आहे. डब्यातले गाणे म्हणजे भीक, किंवा उपद्रव. उपद्रवाचे म्हणणे काही अंशी रास्त आहे. सकाळच्या गर्दीत झांजा कानाशी वाजल्या तर रात्रपाळी करून घरी निघालेल्याने तक्रार का करू नये? पण आवाजाचा त्रास आवाजाच्या नियमाने सुटतो. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध कायद्याने वेगळेच केले. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे याची व्याख्या करताना त्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांना 'निमित्त' ठरवले. म्हणजे वासुदेवाचा हक्क, भगताची झोळी आणि डब्यातल्या पेटीवाल्याची वाटी एका वाक्यात गुन्हा झाली. पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबायची तरतूद त्यात आहे. मंडपात शाल घेऊन पाकीट स्वीकारणारा कलावंत आणि फलाटावर नाणे स्वीकारणारा भिकारी, हा भेद कलेचा नाही, छपराचा आहे. आणि ज्या गावाचा पायाच सरकारी ट्रान्झिट कॅम्पवर आहे, तिथे तर तो फारच विचित्र दिसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्याची दिल्लीला लागू असलेली मुख्य कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. ज्या मुंबई राज्याने तो लिहिला, त्याच्या वारस महाराष्ट्रात तो अजून आहे. संपूर्ण कायदा काढायला विधानसभेला धीर होत नसेल, तर त्या व्याख्येतून 'गाणे' आणि 'नाचणे' एवढे दोन शब्द तरी तिने खोडावेत.