पहिल्या कणसाचा मान

साष्टीतील राय येथे ५ ऑगस्टला आणि तिसवाडीतील ताळगावी २१ ऑगस्टला ख्रिस्ती गावकर भाताची नवी कणसे कापून आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. त्यांचे हिंदू शेजारी तेच नवे कणीस आपल्या देवापुढे ठेवतात. हा मेळ सुखासुखी झाला, असे आम्ही म्हणणार नाही. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा जुवारीपार अंत्रुजात गेली. हे विसरून ऐक्याच्या गोष्टी करणे व्यर्थ होय. परंतु १५२६ च्या फोरालाने मान्य केलेली गावकरीची संस्था टिकली, सामाईक शेत टिकले. देव दुरावले, पण माती दुरावली नाही. म्हणूनच पहिल्या कणसाचा मान दोन्ही घरी राहिला, असे आम्हांस वाटते.